सशाच्या वाटेवरून चंद्रपूर

चंद्रपूरला गेलात तर वाघ बघायला ताडोबाला जाणारच. पण एक सकाळ शहरासाठी ठेवा. जटपुरा दरवाजापासून निघा. मान वर करून पाहा, हत्तीवर चढलेला सिंह दिसेल. गोंड राजांचं हे राजचिन्ह!

दंतकथा अशी, की खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्यामागे चक्क एक ससा लागला. राणी म्हणाली, ससा धावला त्याच वाटेवर कोट बांधा. तो परकोट सुमारे ११ किलोमीटर लांब. चार दरवाजे, पाच खिडक्या. खिडकी म्हणजे छोटा दरवाजा बरं का! एकीचं नाव तर चोर खिडकी.

मध्यंतरी भिंतीवर इतकी झुडपं माजली, की कोट दिसेनासा झाला. पिंपळाचं मूळ शिरलं की दगडही सरकतो. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’च्या तरुणांनी महिनोन्महिने श्रमदान केलं, झुडपं तोडली, कचरा उपसला, तेव्हा कुठे चालायला वाट झाली.

अंचलेश्वर दरवाजाकडे झरपट नदी आणि राजा बीरशहाची समाधी. राणी हिराईनं पतीसाठी बांधलेली. इथे घाई करू नका. रामाळा तलाव मात्र परतताना.

उन्हाळ्यात गेलात तर नऊच्या आत घरी या. चंद्रपूरचं ऊन कुणाची गय करत नाही!