दुसरी भाषा मेंदूत काय करते?

सोलापूर–हैदराबाद महामार्गाने नळदुर्ग ओलांडून उमरग्याकडे निघालं, की बाजारात मराठीच्या जोडीला कन्नड आणि दखनी ऐकू येते, तांड्यांवर गोरमाटी. समोरचं गिऱ्हाईक पाहून विक्रेता भाषा बदलतो. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. मेंदूचे अभ्यासक मात्र या सहजपणाकडे कुतूहलाने पाहतात.

दोन भाषा येणारा माणूस एक भाषा बोलत असतानाही त्याच्या मेंदूत दुसरी जागीच असते. हवा तो शब्द निवडायचा आणि त्याचवेळी दुसऱ्या भाषेतला आवरायचा, हे काम अखंड चालू राहतं.

निर्णयांवरही भाषेचा परिणाम होतो. शिकागो विद्यापीठातील बोआझ कायसार आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. साथीवरचा एकच उपाय ‘इतके वाचतील’ असा मांडला की लोकांना पटे, ‘इतके मरतील’ असा मांडला की नकोसा होई. हाच प्रश्न नंतर शिकलेल्या भाषेत विचारला, तेव्हा मांडणीचा हा प्रभाव जवळजवळ नाहीसा झाला. शिकलेल्या भाषेतले शब्द मायबोलीइतके भावनांना भिडत नाहीत, हे त्यामागचं एक संभाव्य कारण.

१९४८पर्यंत धाराशिव जिल्हा ज्या संस्थानात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, एकच भाषा येणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा येणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. दोनहून अधिक भाषांचा जादा फायदा आढळला नाही. पाश्चात्त्य देशांतले बहुभाषक अनेकदा स्थलांतरित असतात, त्यामुळे फरक भाषेचा की स्थलांतराचा, हे तिथे ठरवणं अवघड जातं. हैदराबादेत पिढ्यानपिढ्या अनेक भाषा एकत्र नांदतात, म्हणून या निष्कर्षाला वजन आहे.

भाषा म्हणजे औषध नव्हे. बहुभाषकांची एकाग्रता अधिक असते, हा दावा पुढच्या अनेक प्रयोगांत टिकला नाही. पण हैदराबादच्या अभ्यासातली एक गोष्ट आपल्यासाठी मोलाची आहे : निरक्षर रुग्णांमध्येही हा फरक दिसला. म्हणजे वर्गात न जाता, घरात आणि बाजारात उचललेली भाषाही मेंदूच्या कामी येते. म्हणूनच तांड्यावरचं किंवा सीमेवरच्या गावातलं मूल शाळेत आलं, की त्याची घरची भाषा सोडवण्याची घाई करू नये. मराठी त्याला उत्तम यायलाच हवी. पण ती घरच्या भाषेच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला.