लडाखला निघण्यापूर्वी क्रॅश गार्डचे जोड तपासा

नवी दिल्ली : लडाखच्या खडकाळ वाटांवर अॅडव्हेंचर मोटारसायकल बऱ्याचदा वेगात नव्हे, तर वळवताना किंवा थांबताना आडवी होते. १९६ किलो वजनाच्या, लिक्विड-कूल्ड ‘हिमालयन ४५०’सारख्या गाडीचा रेडिएटर अशा वेळी फुटला, तर प्रवास तिथेच थांबतो.

त्यामुळे क्रॅश गार्ड घेताना नळीच्या जाडीइतकेच त्याचे जोड महत्त्वाचे ठरतात; चकाकी हा निकष नव्हेच. एक-दोन बिंदूंवर टेकलेला गार्ड सारा आघात तेथेच पोहोचवतो. प्रसंगी नळी शाबूत राहते आणि गाडीची चासी वाकते. अधिक जोड आणि दोन्ही बाजूंना सांधणारी आडवी नळी असल्यास भार विभागला जातो.

गार्ड इंजिनच्या माउंटिंगवर बसत असेल, तर ते सर्व बोल्ट एकदम काढू नयेत. इंजिन जागेवरून सरकते. एक काढून त्याजागी नवा घालावा. सर्व बोल्ट आधी सैल ठेवावेत, गार्ड ओढाताण न होता जुळला की टॉर्क पान्याने उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंत आवळावेत. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पुढचे चाक, मडगार्ड कोठे अडत नाही ना, हे पाहावे. ऑइल फिल्टर काढण्यापुरती जागाही हवी. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत.