ॲप घडवताना (भाग ६) : मजकुराच्या मापाचा फुगा

मागच्या भागात निरोपांची यादी पडद्यावर आली, पण ती नुसत्या ओळींची. आज तिला संवादाचं रूप देऊ. आपला निरोप उजवीकडे, समोरच्याचा डावीकडे आणि प्रत्येकाभोवती गोलसर कडांचा फुगा.

फ्लटरमध्ये हा फुगा म्हणजे एक कंटेनर. त्याला रंग द्या, कडांना १६ची गोलाई आणि आतून चारी बाजूंना १२चं पॅडिंग द्या. पोटात टेक्स्ट ठेवून नुसतं ‘हो’ लिहा. एवढ्याशा ‘हो’साठी फुगा पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरेल! कंटेनरला कमाल रुंदी ठरवून दिली, तरी फरक पडणार नाही. फ्लटरमध्ये रुंदी-उंचीची बंधनं वरून खाली येतात, आतला घटक त्या मर्यादेत आपलं माप ठरवतो. आपली यादी ज्यात आहे ती उभी लिस्टव्ह्यू मात्र मर्यादा देत नाही, ‘माझ्याएवढंच रुंद व्हा’ असा हुकूमच सोडते. म्हणून कंटेनर अलाइनमध्ये ठेवा. अलाइन स्वतः पूर्ण रुंदी घेतं आणि आतल्याला मोकळं सोडतं. फुगा उजवीकडे की डावीकडे, हेही तिथंच ठरतं.

आता कमाल रुंदी लागू होते. पडद्याच्या ७५ टक्के ठेवू. ३६० रुंदीच्या फोनवर फुग्याला २७० मिळतात. दोन्हीकडचं पॅडिंग वजा जाता मजकुराला २४६. त्यापुढचे शब्द आपोआप खालच्या ओळीत जातात.

तरी एक खोट उरते. ‘उद्या सकाळी साडेनऊच्या गाडीने निघतोय’ हा निरोप दोन ओळींत गेला, की पहिल्या ओळीत न मावलेला शब्द खाली उतरतो, पण फुगा पूर्ण २७० रुंदच राहतो आणि उजवीकडे रिकामी पट्टी दिसते. टेक्स्टच्या ‘टेक्स्टविड्थबेसिस’ या गुणधर्माची मूळ किंमत ‘पेरेंट’ असते. ती ‘लाँगेस्टलाइन’ करा. फुगा सर्वांत लांब ओळीएवढा आवळला जातो.

फुग्यातच मजकुराशेजारी गोल फोटो हवा म्हणून दोन्ही थेट रोमध्ये टाकाल, तर टेक्स्ट फ्लेक्सिबलमध्ये गुंडाळायला विसरू नका. एरवी रो त्याला आडवी अमर्याद जागा देते, ओळ मोडत नाही आणि कडेला पिवळे-काळे पट्टे उमटतात.

मराठीसाठी दोन पथ्यं. अक्षरं मोजून स्वतः ओळ तोडू नका. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, डार्ट त्याची लांबी १० सांगतं. दुसऱ्यावर तोडलात तर वर ‘ज्’ लोंबकळेल आणि खाली ‘ञा’ उरेल. दुसरं, फुग्याची उंची कधीच आखून देऊ नका. वाचणाऱ्याने फोनमधली अक्षरं मोठी केली, की खालच्या ओळी कापल्या जातील किंवा फुग्याबाहेर येतील. रुंदीला मर्यादा घाला, उंची मजकुरावर सोडा.

पुढच्या भागात फुग्याला टोक काढू. तोवर ‘हो’, एक लांबलचक परिच्छेद आणि मधे जागा नसलेला एखादा मोठा वेबपत्ता असे तीन निरोप टाकून बघा, तेही फोनमधली अक्षरं सर्वांत मोठी करून. तिन्ही नीट दिसले, तरच पुढे चला.