शार्दूलची किटबॅग, जॉर्डनचे बूट आणि कॉलेजची जर्सी

पालघरच्या प्लॅटफॉर्मवर किटबॅग घेऊन उभ्या असलेल्या मुलाच्या पायात कुठले बूट आहेत, ते घरच्यांच्या ऐपतीवर ठरतं. अमेरिकेत त्याच वयाच्या, मोठ्या कॉलेजच्या खेळाडूला बुटासाठी दमडी मोजावी लागत नाही, पण कुठला घालायचा हे तोही ठरवत नाही. ते ठरतं कॉलेज आणि कंपनी यांच्या करारात. या बुटांच्या दुनियेत एक फेरी मारू या. सुरुवात अर्थातच आपल्या माणसापासून.

क्रिकेटपटू शार्दूल ठाकूर पालघरजवळच्या माहीमचा. शाळा बोईसरची, तारापूर विद्या मंदिर. या शाळेकडून खेळताना त्याने बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेला बॅट आणि बॉल दोन्हींनी असं हैराण केलं की त्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्यालाच आपल्याकडे बोलावून घेतलं. रोजच्या प्रवासात मुलाचा जीव जाईल, म्हणून लाड सरांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवलं. पुढे याच शाळेकडून हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत त्याने एका षटकात सहा षटकार ठोकले. त्याच्या आधी रोहित शर्मालाही लाड सरांनीच या शाळेत आणलं होतं आणि त्याची फी माफ करून घेतली होती.

तेव्हाचा प्रवास म्हणजे काय होता? विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली ती एप्रिल 2013 मध्ये. त्याआधी शटल नाहीतर मिळेल ती पॅसेंजर, आणि त्या गर्दीत किटबॅग!

आता अमेरिकेत बघा. तिथे गुणी मुलाला कॉलेजात आणायला सरांइतकीच बूटवाल्यांची धावपळ चालते. ऑगस्ट 2017 मध्ये लुइव्हिल विद्यापीठाने आदिदासशी 10 वर्षांचा, 16 कोटी डॉलरचा करार जाहीर केला. महिना-सव्वा महिन्यात एफबीआयने अटकसत्र सुरू केलं. आरोप असा, की आदिदासचे कपडे घालणाऱ्या कॉलेजांकडे चांगले बास्केटबॉलपटू वळावेत म्हणून मुलांच्या घरी गुपचूप पैसे पोचवले जात होते. ऑक्टोबर 2018 मध्ये कंपनीचा एक अधिकारी दोषी ठरला. कंपनीचा हिशेब सरळ होता. मुलगा कॉलेजात आपले बूट घालून मोठा झाला, तर व्यावसायिक झाल्यावरही आपलाच राहील.

तो हिशेब प्रत्येक वेळी जमत नाही, आणि याचा सगळ्यात मोठा दाखला मायकेल जॉर्डन. नॉर्थ कॅरोलायनात शिकत असताना सामन्यांत तो कॉन्व्हर्सचे बूट घालायचा, कारण प्रशिक्षक डीन स्मिथ यांचा करार त्या कंपनीशी होता. त्याला स्वतःला आवडायचे आदिदास. आणि 1984 मध्ये त्याने सही केली नाइकीसाठी! पाच वर्षं, वर्षाला सुमारे 5 लाख डॉलर. बाजारात आल्यावर पहिल्याच वर्षात एअर जॉर्डनची विक्री 12 कोटी डॉलरच्या पुढे गेली.

प्रशिक्षकांना पैसे द्यायचे आणि संघाला बूट फुकट पुरवायचे, ही शक्कल सनी व्हॅकारो या माणसाची. 1970 च्या दशकाच्या अखेरीस ती त्याने नाइकीच्या गळी उतरवली, आणि जॉर्डनवर डाव लावा असा आग्रह धरणाराही तोच. 1987 मध्ये मायामी विद्यापीठाच्या सगळ्याच खेळांच्या कपड्यांचा करार नाइकीने केला आणि तिथून आकडे फुगत गेले. टेक्सास विद्यापीठ आणि नाइकी, 2015: 15 वर्षं, 25 कोटी डॉलर. यूसीएलए विद्यापीठ आणि अंडर आर्मर कंपनी, 2016: 15 वर्षं, 28 कोटी. चारच वर्षांत अंडर आर्मरने अंग काढून घेतलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी पावणेसात कोटी डॉलर देऊन मिटलं. त्या रिकाम्या जागी यूसीएलएच्या फुटबॉल आणि बास्केटबॉल संघांच्या अंगावर कोण आलं? जॉर्डन ब्रँड. एका खेळाडूच्या बुटाचं नाव आता कॉलेजांना कपडे चढवतं.

या सगळ्यात खेळाडूला काय मिळत होतं? शिष्यवृत्ती आणि फुकटचे बूट. 20 फेब्रुवारी 2019 ला ड्यूक विद्यापीठाच्या झायन विल्यमसनचा नाइकी बूट सामन्याच्या पहिल्याच मिनिटात उसवला आणि त्याचा गुडघा दुखावला. दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर टक्काभर घसरला. ज्याच्या पायाने शेअर बाजार हलत होता, त्या मुलाला कॉलेज खेळांच्या नियमांनुसार जाहिरातीतून एक डॉलर घ्यायची मुभा नव्हती. मला हा उघड अन्याय वाटतो. ती मुभा मिळाली 1 जुलै 2021 पासून. आता तर टेनेसी विद्यापीठाने 2026 पासून आदिदासकडे जाताना खेळाडूंच्या कमाईची तरतूदही करारातच घातली आहे.

आपल्याकडे उलटं आहे. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीचे हक्क बोर्ड विकतं, बूट मात्र ज्याचा त्याचा. म्हणूनच 2017 मध्ये अंगात नाइकीची जर्सी आणि करार पुमाशी, असा विराट कोहली दिसला. कॉलेजच्या संघांना मात्र कुठली कंपनी विचारत नाही. उद्या पालघरच्या दांडेकर कॉलेजच्या संघाला कुणी 15 वर्षं बूट द्यायला आलं, तर गावात पेढे वाटले जातील! गावच्या टेनिस क्रिकेटमध्ये टी-शर्टच्या पाठीवर नाव असतं ते एखाद्या नगरसेवकाचं, बिल्डरचं किंवा हार्डवेअरवाल्याचं. आमचा कपड्यांचा करार म्हणतात तो हाच, आणि त्याच्या जोरावर दरवर्षी कितीतरी पोरं मैदानात उतरतात. गंमत म्हणजे पालघरजवळच्या तारापूर एमआयडीसीत कापडाचे कारखाने पुष्कळ. सियारामचं कापड इथे विणलं जातं.

बुटांवरून आठवली धावपटू हिमा दास. सुरुवातीच्या दिवसांत साध्या स्पाइक्सवर तिने स्वतःच्या हाताने ‘आदिदास’ असं लिहिलं होतं. 2018 मध्ये तिने फिनलंडमध्ये 20 वर्षांखालील जागतिक स्पर्धेत 400 मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि त्याच कंपनीने तिच्याशी करार केला. नंतर तिच्या नावाचे बूट निघाले. आणि जव्हार-मोखाड्याला लागूनच, नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत तर अनवाणीच धावायला लागली होती. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटरचं कांस्य जिंकलं. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ ती आणि ‘पालघर एक्स्प्रेस’ शार्दूल. एकाच डोंगररांगेच्या अलीकडे-पलीकडे दोन एक्स्प्रेस!

या फेरीत मला मनापासून आवडलेला करार मात्र बास्केटबॉलपटू स्टीफन करीचा. 2013 मध्ये त्याला नाइकीकडेच टिकवून ठेवायच्या बैठकीत कंपनीच्या लोकांनी त्याच्या नावाचा उच्चार चुकवला आणि सादरीकरणात केविन ड्युरांट या दुसऱ्याच खेळाडूचं नाव तसंच राहिलं, असं सांगतात. तो अंडर आर्मरकडे गेला. 2019 मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने त्याला सांगितलं की आमच्याकडे गोल्फचा संघच नाही. करीने सहा वर्षांचा खर्च उचलला आणि मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही संघांचे कपडे-बूट अंडर आर्मरने दिले.

आपल्या खेळाडूंच्या करारांतही असं एक कलम हवं: दरवर्षी माझ्या पहिल्या शाळेला स्पाइक्सचे पंचवीस जोड, मापं शाळा कळवेल.