आज काय आलंय?

दापोलीहून हर्णैकडे जाणारी सडक उताराला लागली, की दोन्ही बाजूंना पाट्या दिसू लागतात. 'घरगुती जेवण', 'मालवणी थाळी', 'ताजी मासळी मिळेल'. शनिवारी दुपारी या सडकेवर पुण्या-मुंबईच्या गाड्या एकामागून एक येत असतात. दोन दिवसांची सुटी, पोरांना समुद्र दाखवायचा, पोटभर मासे खायचे आणि रविवारी रात्रीपर्यंत घर गाठायचं, असा बेत असतो. हल्ली आपल्या खेड्यापाड्यांतली मंडळीही अशी निघतात, आणि शाळांच्या सहली तर निघतातच. देशावरचा माणूस वर्षाकाठी एकदा समुद्रकाठी जेवायला बसतो आणि पुष्कळदा नाराज होऊन उठतो. पैसे तर गेले, पण मासा काही खास नव्हता, असं म्हणत तो परत येतो. समुद्र दहा पावलांवर आणि ताटात मात्र शिळा मासा, हे होतं कसं?

मागे मी आणि माझे एक शिक्षक मित्र असेच तिकडे गेलो होतो. एका घरगुती खानावळीत शिरलो. बाहेर माडाच्या झावळ्यांचा मांडव, चार टेबलं, आत चूल आणि गॅस दोन्ही. गुरुजींनी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "दोन पापलेटची ताटं."

खानावळीच्या बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "पापलेट आहे भाऊ, पण बर्फातलं आहे. परवाचं. मांदेली मात्र आत्ता बंदरावरून आलीय."

गुरुजींचा चेहरा उतरला. एवढ्या लांब येऊन मांदेली खायची? बोटाएवढी ती मासळी! पण बाईंचा खरेपणा मला आवडला. आम्ही मांदेली घेतली. ती कुरकुरीत तळून आली आणि गुरुजींनी तीन वेळा मागून घेतली. त्या दिवसापासून मी समुद्रकाठी कुठंही गेलो, तरी आधी एकच प्रश्न विचारतो, 'आज काय आलंय?'

या प्रश्नात एवढं काय आहे, ते कळायला थोडं बंदरावर जावं लागेल. हर्णै हे रत्नागिरी जिल्ह्यातलं मासळीचं मोठं बंदर. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे आणि जवळच पाजपंढरीची कोळी वस्ती आहे. किनारा उथळ असल्यामुळे मोठ्या होड्या दूर पाण्यातच उभ्या राहायच्या आणि तिथून मासळी काठावर आणायला थेट पाण्यात बैलगाड्या घालायच्या, ही इथली वर्षानुवर्षांची प्रसिद्ध पद्धत. मग वाळूवर लिलाव होतो. मासळीचे वाटे मांडलेले असतात, भोवती गिऱ्हाइकांचं कोंडाळं, आणि भाव बोलणाऱ्यांत बायका पुढे. या लिलावात खानावळवालेही असतात. ज्या दिवशी जे आलं आणि जे खिशाला परवडलं, ते त्यांच्या चुलीवर चढतं.

आता अडचण अशी, की होडीला शनिवार-रविवार कळत नाही. गिऱ्हाईक दोन दिवसांत लोंढ्यानं येतं, मासळी मात्र सातही दिवस आपल्या चालीनं येते. त्यातून येणाऱ्यांना चारच नावं ठाऊक : पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगडा. ती चार नावं शनिवारी जाळ्यात सापडलीच पाहिजेत, असा काही समुद्राशी करार झालेला नाही. मग खानावळवाला काय करणार? बुधवार-गुरुवारपासून तो पापलेट आणि सुरमई बर्फात जमवून ठेवतो. म्हणजे समुद्रकाठी शिळं मिळतं, ते पुष्कळदा आपल्याच मागणीमुळे. अर्थात मुद्दाम फसवणारेही असतात, नाही असं नाही.

समुद्र कशाच्या चालीनं चालतो, हे मात्र आपल्याला घरबसल्या पंचांगावरून काढता येतं. कोकण किनाऱ्यावर जुन्या लोकांचा एक हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहाच्या सुमाराला. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धाएक तास इकडे तिकडे व्हायचा. पण वर्गात मुलांकडून करून घ्यायला फार छान. चंद्र रोज जवळजवळ पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊणपटीचं मर्म ते हेच.

जेवणाशी याचा काय संबंध, असं कुणी विचारील. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं. भरती उंच चढते, तशीच ओहोटीही खूप खाली जाते. एरवी पाण्याखाली राहणारी खाडीतली जमीन आणि खडक तेव्हा उघडे पडतात आणि बायका-पोरं तिसऱ्या, मुळे, कालवं गोळा करायला उतरतात. पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी गेलात, तर सकाळी साडेसातच्या सुमाराला ओहोटी असते आणि दुपारच्या जेवणाला ताज्या तिसऱ्यांचं सुकं मिळण्याचा संभव मोठा. अष्टमी-नवमीच्या सुमाराला पाण्याला ओढ कमी असते. त्याला किनाऱ्यावर भांग म्हणतात. तेव्हा हीच वस्तू तेवढी सहज मिळत नाही. ज्यांना उत्तम तिसऱ्या खायच्या, त्यांनी वाराबरोबर तिथीही पाहून निघावं!

आणि जाता जाता सांगतो. शाळेची सहल असेल तर ओहोटी लागल्यावर मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. परत फिरणारं पाणी माणसाला आत ओढतं. जेवणाचा बेत मागं-पुढं झाला तर चालेल, पण भरती-ओहोटीची वेळ गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्याजवळ जायचं नाही.

आता ताजेपणाविषयी. बाजारात मासा पारखणं सोपं असतं. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला उघडला तर आत लालभडक, अंगावर बोट दाबलं तर खळगा लगेच भरून येतो, आणि वास समुद्राचा येतो, माशाचा नाही. पण खानावळीत मासा समोर येतो तो मसाला माखून आणि रव्यात घोळवून. डोळा नाही, कल्ला नाही. म्हणून तळण्याआधी मासा पाहायला मागावा. यात लाजण्यासारखं काही नाही. चांगला खानावळवाला परात घेऊन आनंदानं बाहेर येतो. ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याच्याकडे डाळ-भात मागवावा.

बर्फातला मासा म्हणजे वाईट मासा, असा मात्र गैरसमज नको. मासळी होडीवर आल्याबरोबर तिच्या वजनाइतक्या बर्फात घातली, तर ती काही दिवस उत्तम राहते. उलट आजच पकडलेली मासळी तीन-चार तास उन्हात पडली, तर ती बिघडायला लागलेली असते. बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या बाबतीत तर याला फार महत्त्व आहे. यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं एक द्रव्य भरपूर असतं. मासा उबेत राहिला, की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. हे हिस्टामिन शिजवून जात नाही, तळूनही जात नाही. नाकाला वास लागेलच, असंही नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं, कधी उलट्या-जुलाब होतात. लोक म्हणतात, 'मला बांगडा बाधतो.' पुष्कळदा बाधलेला असतो तो बांगडा नव्हे, तर त्याला न मिळालेला बर्फ. असा त्रास सहसा काही तासांत ओसरतो. पण श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तर तडक दवाखाना गाठावा.

तेव्हा प्रश्न दोन झाले. आज काय आलंय, आणि ते बर्फात होतं का?

पापलेटविषयी थोडं निराळं सांगायला हवं. चंदेरी पापलेटला महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली राज्य मासा म्हणून जाहीर केलं. मान मिळाला खरा, पण त्यामागं काळजीही होती. मोठा पापलेट कमी होत चालला आहे आणि जाळ्यात लहान पिल्लं येतात. त्याच वर्षी राज्यानं ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. पापलेटसाठी ही लांबी १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी पंधरा सेंटिमीटरची असते. तिच्यापेक्षाही दीड सेंटिमीटर आखूड! तरीसुद्धा तळहाताएवढे पापलेट ताटात दिसतात. का? आपल्याला ताटात अख्खा पापलेट हवा असतो आणि ताटाची किंमतही बेताची हवी असते. या दोन्ही गोष्टी जुळवायच्या तर पिल्लूच वाढावं लागतं. मोठ्या माशाची एक तुकडी घेतली, तर चवही अधिक लागते आणि पिल्लाला वाढायला, पुढं विणीला सवड मिळते. मी कोळी नव्हे, मासेमारीच्या कायद्यातला जाणकारही नव्हे. पण ताटात पिल्लू दिसलं की आता माझ्या घशाखाली उतरत नाही.

पावसाळ्याची गोष्ट वेगळीच आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि पुष्कळ मासळीच्या विणीचा काळही तोच. कोळी बांधवांची जुनी रीत तर नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच होडी लोटायची. पाऊस पाहायला म्हणून जुलैत कोकणात जाणारे आता पुष्कळ झाले आहेत आणि तेही सुरमईच मागतात. ती सुरमई एकतर मेच्या बर्फातली, नाहीतर दूरची. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी आधी संपते, त्यामुळे तिकडचा मासा त्यानंतर इकडे येऊ शकतो. मग हर्णैला बसून दुसऱ्याच समुद्राचा मासा खाण्यात काय हशील?

त्या दिवसांत कोकणातलं घर जे खातं, ते मागावं. सुक्या बोंबलाचं कालवण, सुकटीची चटणी, वालाच्या डाळिंब्यांची उसळ, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं. मे महिन्यात उन्हात वाळवून ठेवलेला बोंबील आषाढातल्या पावसात भाकरीबरोबर ज्यानं खाल्ला आहे, त्याला पापलेटची आठवण होत नाही. आणि मासे न खाणाऱ्यांनी मुरूड-आंजर्ल्याकडच्या घरगुती खानावळींत आदल्या दिवशी निरोप द्यावा. तिथं उकडीचे मोदक मिळतात. पण ते ऐन वेळी दारात उभं राहून मागायचे नसतात.

भावाबद्दल दोन शब्द. पाटीवर पापलेट-सुरमईपुढं पुष्कळदा रुपये लिहिलेले नसतात, 'दराप्रमाणे' असं असतं. त्यात लबाडीच असते असं नाही, कारण लिलावाचा भाव रोज बदलतो. मात्र आकडा जेवायच्या आधी विचारून घ्यावा आणि तो तुकडीचा, माशाचा की वजनाचा, हेही विचारावं. नंतरची वादावादी दोन्हीकडच्यांना वाईट. हर्णैला अनेक जण आणखी एक करतात. संध्याकाळच्या लिलावाला स्वतः जाऊन मासळी घेतात आणि करणावळ देऊन खानावळीत शिजवून घेतात. चार-पाच कुटुंबं असतील तर हे परवडतं, आणि पोरांना लिलाव पाहायला मिळतो तो वेगळाच.

जेवणाच्या शेवटी सोलकढी येते. कोकमाचं आगळ आणि नारळाचं दूध. ती उकळत नाहीत, उकळली तर नारळाचा रस फुटतो. म्हणूनच सकाळची सोलकढी रात्रीपर्यंत टिकत नाही, आंबते. रात्री उशिरा जेवायला गेलात, तर ती आत्ताची आहे का, एवढं विचारून घ्या.

आमच्या गुरुजींनी घरी आल्यावर एक गोष्ट केली. शाळेतला एक तुटका फळा त्यांनी सुताराकडून कापून घेतला, रंगवला आणि पुढच्या खेपेला त्या बाईंना नेऊन दिला. बाई आधी हसल्या, मग तो त्यांनी मांडवाच्या खांबाला टांगला. मागच्या मार्गशीर्षात मी गेलो, तेव्हा त्यावर त्यांच्या मुलीच्या अक्षरात खडूनं लिहिलं होतं : 'आजची मासळी – मांदेली, बांगडा, तिसऱ्या. पापलेट कालचं, बर्फातलं.' शेजारच्या टेबलावरच्या मुंबईच्या मंडळींनी ते वाचलं, आपसांत काही बोलली, आणि त्यांच्यातल्या आजींनी आत हाक मारली, "बाई, तिसऱ्या कशा करता हो तुम्ही?"