वाण तसा ताण

वडोदऱ्यात लहरीपुरा दरवाजातून पश्चिमेला निघालं आणि सूरसागर मागे टाकून विश्वामित्रीचा पूल ओलांडला, की सयाजीगंज लागतं. तिथेच महाराजा सयाजीराव विद्यापीठाची विज्ञानशाखा आहे. लहरीपुऱ्याच्या बाजारात उंदीर म्हणजे उंदीर, सापळा लावून पकडायचा. पूल ओलांडला की हिशेब बदलतो. 1965 साली याच विद्यापीठातल्या आर. राजलक्ष्मी, के. आर. गोविंदराजन आणि सी. व्ही. रामकृष्णन यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आहारातलं प्रथिन बदललं तर उंदराचं शिकणं आणि त्याच्या मेंदूतलं रसायन कसं बदलतं, हा त्याचा विषय. शीर्षकात प्राण्याची ओळख होती ‘आल्बिनो उंदीर’, म्हणजे नुसता रंग. तेव्हा तशीच पद्धत होती. आज परीक्षक पहिल्यांदा विचारतील: पांढरा ठीक, पण कुठल्या वाणाचा?

राजलक्ष्मींनी मानसशास्त्रातली डॉक्टरेट कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून घेतली होती. योगायोग असा की ताणाच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवातही तिथलीच. हान्स सेल्ये यांनी 1936 साली उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, औषधं असं काय काय सोसायला लावलं. कारण कुठलंही असो, अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झाल्या, थायमस आक्रसला आणि जठरात व्रण पडले. संकट आलं की मेंदूतलं हायपोथॅलॅमस पिट्युटरीला इशारा देतं, पिट्युटरी अधिवृक्क ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं. माणसात हेच काम मुख्यतः कॉर्टिसॉल करतं.

साखळी सगळ्यांची एकच. पण ती किती जोरात हलते, हे बरंचसं जन्मापासूनच ठरलेलं असतं.

लंडनच्या मॉड्सली रुग्णालयाशी निगडित संशोधक पीटर ब्रॉडहर्स्ट यांनी 1950च्या दशकात उंदरांना प्रखर उजेडाच्या, गोंगाट असलेल्या गोल रिंगणात सोडलं आणि चक्क लेंड्या मोजल्या. घाबरलेला उंदीर जास्त लेंड्या टाकतो! जास्त टाकणाऱ्यांची आपसात आणि कमी टाकणाऱ्यांची आपसात पैदास करत गेल्यावर थोड्याच पिढ्यांत भित्रे आणि निवांत असे दोन वाण वेगळे झाले. हसू येईल, पण भीती आनुवंशिक असू शकते हे दाखवायला याहून स्वस्त मोजमाप क्वचितच सापडेल.

मग 1989 साली अमेरिकेत एस्थर स्टर्नबर्ग आणि सहकाऱ्यांनी लुईस आणि फिशर हे दोन वाण शेजारीशेजारी तपासले. फिशर उंदरांचं कॉर्टिकोस्टेरॉन झपाट्याने चढतं, लुईस उंदरांचं जेमतेम. म्हणजे लुईस सुखी? नाही. हेच संप्रेरक शरीरातला दाह आवरतं. ते कमी पडल्यामुळे लुईस उंदरांना सांधेदुखीचा आजार चटकन जडतो. ताणाला थंडपणे घेणाऱ्याचं शरीर भलतीकडे किंमत मोजतं.

सगळ्यात मासलेवाईक गोष्ट विस्टार-क्योटो वाणाची. क्योटोत ओकामोतो आणि आओकी यांनी 1963 साली उच्च रक्तदाबाचे उंदीर तयार केले. त्यांच्याशी तुलना करायला ‘नॉर्मल’ म्हणून हा वाण राखला गेला. पुढे विल्यम पारे यांनी दाखवलं, की ताण दिल्यावर या ‘नॉर्मल’ उंदरांच्याच जठरात व्रण पडतात. पाण्याच्या उंच भांड्यात सोडलं तर इतर उंदीर बराच वेळ हातपाय मारतात. हे लवकर धडपड सोडून नुसते तरंगत राहतात. या चाचणीत इतर वाणांवर चालणारं फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध त्यांच्यावर चाललं नाही, असंही नंतरच्या प्रयोगांत दिसलं.

तरीही सगळा दोष रक्ताच्या माथी मारता येत नाही. पुन्हा मॅकगिलमध्येच, 1990च्या दशकात मायकेल मीनी यांच्या गटाला दिसलं, की पिल्लांना भरपूर चाटणाऱ्या आईची पिल्लं मोठेपणी ताणात शांत राहतात. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं अशा मायाळू आईच्या कुशीत वाढवली, तर तीही शांत निघाली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपल्या शेतकऱ्यांची. पिंजऱ्यातही ती लागू पडली.

भारतात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने विस्टार उंदरांची स्वतःची वसाहत जपली आहे. तिची सुरुवात कुन्नूरची आणि तिच्या वाणाचं नाव डब्ल्यूएनआयएन. नावात संस्थेचा उल्लेख ठेवण्यात मोठेपणाचा सोस नाही. एकाच नावाचे उंदीर वेगवेगळ्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या वाढले की आतून वेगळे होत जातात. विस्टार-क्योटोचं तेच झालं. भावंडांत पैदास करून वाण पक्का व्हायला निदान वीस पिढ्या लागतात. त्या पुऱ्या व्हायच्या आतच हे उंदीर वेगवेगळ्या पुरवठादारांकडे गेले, आणि आज त्यांच्या वसाहती एकमेकींशी जुळत नाहीत.

तेव्हा ‘उंदरांवरच्या प्रयोगात अमुक काढ्याने ताण उतरला’ अशी बातमी वाचलीत, तर उंदीर कुठल्या वाणाचे आणि कुठल्या वसाहतीतले, एवढं बघा. ते लिहिलेलं नसेल तर दुकानाकडे धावायची घाई करू नका.