तयार फ्रेमवर्क की घरचं?
वेब आतून कशी चालते : लेखांक ११

ब्राउझरची रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत कशी पोचते आणि तिथून पान तयार होऊन परत कसं येतं, हे मागच्या लेखांकात पाहिलं. ते वाचून अनेकांच्या मनात येईल की एवढंच असेल, तर जँगो, लाराव्हेल, रेल्स, स्प्रिंग असली भलीमोठी प्रकरणं शिकण्यात महिने कशाला घालवायचे? आपल्याला लागतं तेवढं आपणच लिहावं. या धंद्यात मुरलेला माणूस यावर म्हणतो, "तयार आहे ते घे आणि कामाला लाग." सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो. पण तो मनापासून पटत नाही, कारण ही तयार फ्रेमवर्कं ज्यांनी लिहिली त्यांच्यासमोरही त्या वेळी दुसरी तयार फ्रेमवर्कं होतीच.

जँगोचंच पाहा. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावातून 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' नावाचं दैनिक निघतं. २००३ मध्ये त्याच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोघे प्रोग्रामर होते. वर्तमानपत्राची घाई त्यांच्याही मागे होती. गावातले कार्यक्रम असोत की विद्यापीठाच्या संघाचे सामने, पान लवकर उभं करून हवं असायचं. पीएचपीत लिहिलेला जुना कोड आवरेनासा झाला तेव्हा दोघे पायथनकडे वळले. पायथनमध्ये तेव्हा फ्रेमवर्कांचा दुष्काळ नव्हता. 'झोप' नावाचं एक बऱ्यापैकी मोठं फ्रेमवर्क होतं (मराठी वाचकाने नावावर जाऊ नये), इतरही होती. मात्र या दोघांनी 'चला, एक फ्रेमवर्क लिहू या' असं ठरवून सुरुवात केली नव्हती. एक साइट झाली, दुसरी झाली, आणि तोच कोड पुन्हा लिहावा लागतोय असं दिसलं की तो बाजूला काढला जायचा. असा बाजूला काढलेला कोड साठत गेला आणि जुलै २००५ मध्ये जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं नाव घेऊन जगासमोर आला. रेल्सची कथाही याच वळणाची आहे. डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी आधी बेसकॅम्प हे कामकाजाचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्यातला पुन्हा वापरता येण्याजोगा भाग २००४ मध्ये रेल्स म्हणून वेगळा काढला.

आधी काम आणि मग कामातून निघालेली चौकट, असा हा क्रम आहे. स्वतःचं फ्रेमवर्क लिहू पाहणारे बहुतेक जण नेमका हा क्रम उलटा करतात, असं माझं मत आहे.

फ्रेमवर्क आणि लायब्ररी यांत फरक काय, हे इथे सांगून टाकतो. लायब्ररीला तुमचा कोड हाक मारतो. फ्रेमवर्क तुमच्या कोडला हाक मारतं. शाळेचं वेळापत्रक असतं तसं ते असतं. घंटा कधी, कोणत्या वर्गावर कोण, सुट्टी कधी हे आधीच ठरलेलं. तुम्ही आपल्या तासाला जाऊन शिकवायचं. रिक्वेस्ट आली की पत्ता पाहून कोणतं फंक्शन चालवायचं, लॉगिन तपासायचं की नाही, चूक झाली तर काय दाखवायचं, हे फ्रेमवर्क ठरवतं. म्हणूनच ते बदलणं लायब्ररी बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं.

आता घरचं लिहायला बसलं की काय होतं? पत्त्यावरून फंक्शन शोधणं, म्हणजे राउटिंग, एका दुपारचं काम आहे. टेम्प्लेटमध्ये नावं भरणं ही दुसरी दुपार. इथवर मजा येते आणि आत्मविश्वासही वाढतो. खरं काम यानंतर सुरू होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. वापरकर्त्याने फॉर्ममध्ये नावाऐवजी जावास्क्रिप्टचा तुकडा टाकला तर तो पानावर चालू द्यायचा नाही. त्याने लिहिलेला मजकूर डेटाबेसच्या आज्ञेत मिसळू द्यायचा नाही. तुमच्या साइटवर लॉगिन केलेला माणूस दुसऱ्याच टॅबमध्ये एखादी भामटी साइट उघडून बसला असेल, तर ती त्याच्या लॉगिनच्या जोरावर तुमच्याकडे रिक्वेस्ट पाठवू शकते, ती अडवायची.

पासवर्डचं उदाहरण जरा सविस्तर घेऊ. पासवर्ड जसाच्या तसा साठवायचा नाही, त्याचा हॅश साठवायचा, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. पण तो हॅश किती फेऱ्यांचा? फेऱ्या जितक्या जास्त तितका एकेक पासवर्ड तपासून पाहणं चोराला महाग पडतं. जँगोच्या मार्च २०१२ मधल्या १.४ आवृत्तीत हा आकडा १०,००० होता. एप्रिल २०२३ च्या ४.२ आवृत्तीत तो ६,००,००० झाला. यंत्रं वेगवान होत जातात तसा तो वाढवावा लागतो. आणि जुना वापरकर्ता पुढच्या वेळी लॉगिन करतो तेव्हा त्याचा हॅश त्याच्या नकळत नव्या आकड्याने पुन्हा तयार करून ठेवला जातो. घरच्या फ्रेमवर्कात २०१२ साली लिहिलेला आकडा २०२३ मध्येही तोच सापडायची दाट शक्यता, कारण ती फाइल मधल्या काळात कुणी उघडलेलीच नसते. तयार फ्रेमवर्क घेता तेव्हा तुम्हाला कोडपेक्षाही जास्त मोलाची गोष्ट मिळते ती ही, की कुणीतरी दरवर्षी हे आकडे पाहत बसलेलं असतं.

तरीही स्वतःचं लिहून निभावून नेलेली माणसं आहेत. 'रेडिट' २००५ मध्ये सुरू झालं ते लिस्प भाषेत. त्याच वर्षाच्या शेवटी ते पायथनमध्ये पुन्हा लिहिलं गेलं आणि ते बसवलं गेलं रेडिटच्याच चमूतल्या अॅरन स्वार्ट्झने लिहिलेल्या वेब.पाय या छोट्या फ्रेमवर्कावर. जँगो नुकतंच आलेलं होतं, पण स्वार्ट्झला त्याचा तोंडवळा रुचला नव्हता. त्याला कमीत कमी बोलणारं, आपल्या मध्ये न येणारं काहीतरी हवं होतं. पुढे काय झालं? २००८ मध्ये रेडिटने आपला कोड खुला केला तेव्हा त्याखाली वेब.पाय नव्हतं, पायलॉन्स नावाचं दुसरं फ्रेमवर्क होतं. मात्र वेब.पाय वाया गेलं असंही म्हणता येत नाही. फ्रेंडफीड या साइटच्या मंडळींनी त्याच्या धर्तीवर स्वतःसाठी जे लिहिलं ते २००९ मध्ये टॉर्नेडो म्हणून बाहेर आलं. आणि इंटरनेट अर्काइव्हची 'ओपन लायब्ररी' ही पुस्तकांची प्रचंड सूची वेब.पायवरच उभी राहिली.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. ऋषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने ईआरपीनेक्स्ट हे खरेदी, विक्री, साठा, हिशेब सांभाळणारं खुलं सॉफ्टवेअर केलं आणि त्याच्याखाली स्वतःचंच फ्रेमवर्क उभारलं. तेच आज फ्रॅपे म्हणून ओळखलं जातं. जँगो असताना हा खटाटोप का? ईआरपीचा जीव शेकडो प्रकारच्या कागदांत असतो: ऑर्डर, चलन, बिल, पावती, पगारपत्रक. प्रत्येकाला रकाने, मंजुरी आणि कुणी काय पाहायचं याचे नियम. शिवाय गिऱ्हाईक सांगणार की आमच्या बिलावर आणखी दोन रकाने हवेत. म्हणून फ्रॅपेमध्ये कागदाचं वर्णन, ज्याला ते डॉकटाइप म्हणतात, हीच मूळ वस्तू आहे. वर्णन भरलं की डेटाबेसमधलं टेबल, फॉर्म, यादी आणि परवानग्यांची व्यवस्था त्यातूनच तयार होते. कोड न लिहिता नवा रकाना घालता येतो. इथे फ्रेमवर्कचा आकार कामाच्या आकारातून आला आहे, त्यामुळे ते लिहिणं मला पटतं. पण हेही पाहा, की त्यासाठी एका कंपनीला वर्षानुवर्षं त्या फ्रेमवर्कचं पालकत्व करावं लागलं.

तयार फ्रेमवर्क घेतलं म्हणून पालकत्व टळतं, अशा समजुतीत मात्र कुणी राहू नये. अपाचे स्ट्रट्स हे जावातलं नावाजलेलं फ्रेमवर्क. मार्च २०१७ मध्ये त्यात एक भयंकर भोक सापडलं आणि ७ मार्चला त्याचा पॅचही आला. इक्विफॅक्स या अमेरिकेतल्या पतमाहिती कंपनीने एका यंत्रणेवर तो लावला नाही. मे महिन्याच्या मध्यापासून चोर आत होते, कंपनीला कळलं जुलैच्या शेवटी. तोवर सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली होती. प्रसिद्ध फ्रेमवर्कात भोक सापडलं की ते चोरालाही त्याच दिवशी कळतं. घरच्या फ्रेमवर्कातलं भोक कुणाला ठाऊक नसतं, असं समर्थन इथे काही जण करतात; ते भोक पहिल्यांदा चोरालाच सापडतं हे ते विसरतात.

आणि फ्रेमवर्क तुम्हाला सोडूनही जातं. गूगलच्या अँग्युलरजेएसवर हजारो कंपन्यांनी आपली पानं उभारली. सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं ते इतकं वेगळं, की जुना कोड त्यावर चालेना. बहुतेक गोष्टी पुन्हा लिहाव्या लागणार होत्या. जुन्याची देखभाल २०२१ संपताना थांबली. तुमचा प्रोजेक्ट दहा वर्षं चालणार असेल, तर फ्रेमवर्क निवडताना त्याच्या जाहिरातीतला वेग पाहण्यापेक्षा एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाताना काय काय मोडलं, याच्या नोंदी वाचाव्यात. कंटाळवाण्या असतात, पण निर्णय त्यांतूनच होतो.

तिसरा मार्ग सगळ्यांत जास्त चालतो आणि त्याला कुणी फ्रेमवर्क म्हणत नाही. "आम्ही फ्रेमवर्क वापरत नाही, साधं पीएचपी आहे," असं सांगणाऱ्या लहान कंपनीचा कोड उघडावा. त्यात 'फंक्शन्स' नावाची फाइल असते, मग 'फंक्शन्स-न्यू', मग 'फंक्शन्स-न्यू-फायनल'. प्रत्येक पान सुरुवातीला त्यांतली एक फाइल ओढून घेतं, मग लॉगिन तपासतं, मग डेटाबेसशी बोलतं. हे फ्रेमवर्कच झालं. फक्त त्याला नाव, कागदपत्रं आणि चाचण्या नाहीत. नवा मुलगा विचारतो, "सर, हे 'फंक्शन्स-न्यू' नक्की कुठून चालतं?" उत्तर येतं, "त्याला हात लावू नकोस. चालतंय ना?" ज्याने ते लिहिलं तो दोन नोकऱ्या बदलून बंगळुरूला पोचलेला असतो. लिहायचं की नाही हा निर्णय तुम्ही घेतला नाहीत, तर तो असा आपोआप घेतला जातो.

मग लिहायचं काय? तुमच्या कामात जे इतर कुणाच्याच कामात नाही, तेवढंच. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रश्नोत्तरांची साइट मायक्रोसॉफ्टच्या तयार फ्रेमवर्कावर उभी होती. डेटाबेसमधून माहिती उचलून आणणारा थर त्यांच्या गर्दीला पुरेनासा झाला. त्यांनी अख्खी इमारत पाडली नाही. २०११ मध्ये तेवढ्या कामापुरतं डॅपर लिहिलं. सुरुवातीला ती एकच फाइल होती.

मराठी साइट करणाऱ्याला अशी जागा लवकरच सापडते. बातमीच्या मथळ्यावरून पानाचा पत्ता बनवायला जँगोत 'स्लगिफाय' नावाचं फंक्शन आहे. त्याला 'कोल्हापूर' दिलं तर एरवी ते काहीच परत करत नाही, कारण इंग्रजीखेरीजची अक्षरं ते गाळून टाकतं. युनिकोड चालेल असं बजावून सांगितलं तर 'कलहपर' मिळतं. काना, मात्रा, उकार, हलन्त ही चिन्हं पायथनच्या नियमात 'अक्षर' धरली जात नाहीत, म्हणून ती झडून जातात. एवढ्यासाठी कुणी नवं फ्रेमवर्क लिहीत नाही. मराठी जाणणारं एक छोटं फंक्शन लिहावं, त्याला चाचण्या जोडाव्यात आणि जँगोला त्याच्या जागी राहू द्यावं.

एका कारणासाठी मात्र अख्खं फ्रेमवर्क जरूर लिहावं, ते म्हणजे शिकण्यासाठी. या आठवड्याचा गृहपाठ तोच. पायथनसोबत 'डब्ल्यूएसजीआयरेफ' हे मॉड्यूल येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. त्यात रिक्वेस्टची सगळी माहिती एका डिक्शनरीत हाती मिळते. तिच्यातला पत्ता पाहून दोन-तीन फंक्शनांपैकी एक चालवा, झालं तुमचं राउटिंग. मग ब्राउझरमध्ये तुमच्या सर्व्हरच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'सातारा' लिहा आणि सर्व्हरला काय मिळालं ते छापून पाहा. सातारा दिसणार नाही. डोक्यावर रेघा-टिंबं असलेली विचित्र लॅटिन अक्षरं दिसतील, आणि सुरुवातीची तिरकी रेघ सोडून लांबी मोजलीत तर सहा चिन्हांच्या जागी अठरा येतील. असं का होतं ते शोधा आणि दुरुस्त करा. दोन छोट्या पायऱ्यांत होतं. पुढच्या लेखांकात डेटाबेसकडे वळायचं आहे, तिथे एकेका चिन्हाचे हेच तीन-तीन बाइट रकान्यांच्या लांबीत पुन्हा आडवे येणार आहेत.